पेत्राचा दुसरा उंबरा

वचने : प्रेषितांची कृत्ये, अध्याय १०, गलतीकरांस पत्र, अध्याय २, ओव्या ११ ते १४.



वडगाव निंबाळकर व त्याच्या आसपासच्या गावांतील मंडळ्यांस उद्देशून आज आम्ही जेवणाविषयी चार शब्द लिहीत आहो. उपदेशाच्या जागी भाकरीचा विषय कशाला, असे कोणास वाटेल. परंतु शुभवर्तमाने उघडून पाहावी. परूशी लोकांची प्रभूविरुद्ध जी कुरकुर वारंवार ऐकू येते ती हीच की, हा जकातदार व पापी यांच्या पंगतीस बसून जेवतो. मरणाच्या आदल्या रात्री प्रभूने शिष्यांस आपली जी आठवण नेमून दिली, ती भाकर व प्याला यांचीच. तो पुन्हा उठल्यावर अम्माऊसच्या वाटेवरील दोघां शिष्यांस त्याची ओळख पटली, तीही भाकर मोडताना. तेव्हा कोणाबरोबर जेवावे, कोणाच्या घरी जेवावे व कोणाच्या हातचे खावे, हा प्रश्न ख्रिस्ती माणसाने चुलीपाशी सोडून उपासनेस यावे असा नाही. तो उपासनेतलाच प्रश्न आहे.

पेत्र यापो शहरी समुद्राच्या काठी शिमोन नावाच्या कातडी कमावणाऱ्याच्या घरी उतरला होता, असे कृत्यांच्या पुस्तकात लिहिले आहे. ही ओवी वाचून आपण बहुधा पुढे धावतो. परंतु येथे अंमळ थांबावे. मेलेल्या जनावराच्या कातड्याशी ज्याचा रोजचा संबंध, त्याचा धंदा यहूदी लोक हलका व विटाळाचा मानीत. अशा माणसाकडे गाव कोणत्या दृष्टीने पाहते, हे आपणां खेड्यांतील लोकांस समजावून सांगावयास नको. त्या घरी पेत्र पुष्कळ दिवस राहिला. त्या घरचे अन्न त्याने खाल्ले व त्या घरच्या रांजणातले पाणी तो प्याला. म्हणजे एक उंबरा त्याने ओलांडला होता.

एके दिवशी दुपारी तो धाब्यावर प्रार्थनेस गेला. त्यास भूक लागली होती व खाली स्वयंपाक चालला होता. तेव्हा त्यास असे दर्शन झाले की, आकाशातून मोठ्या चादरीसारखे काही खाली सोडले जात आहे व त्यात नाना प्रकारचे पशू, सरपटणारे जीव व पाखरे आहेत. आणि वाणी झाली की, मारून खा. पेत्राने नाही म्हटले. अपवित्र असे काही आपण कधीच खाल्ले नाही, असे तो म्हणाला. तीनदा असे घडले. तो याचा अर्थ मनात घोळवीत आहे, तोच कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीची माणसे दाराशी येऊन उभी राहिली. तेव्हा पेत्रास उमगले की, चादरीतील जनावरांच्या रूपाने देव माणसांविषयी बोलत होता. त्याने त्या परक्या माणसांस आत घेऊन त्यांचा पाहुणचार केला, दुसऱ्या दिवशी तो त्यांजबरोबर कैसरियास गेला, आणि कर्नेल्याच्या घरी काही दिवस राहण्याविषयी त्यास विनंती झाली. हा दुसरा उंबरा होय.

येथे एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. पेत्र यरुशलेमेस परत आल्यावर तेथील भावांनी त्यास जाब विचारला. तू परराष्ट्रीयांस बाप्तिस्मा का दिलास, असे त्यांनी विचारले नाही. तू त्यांच्या घरात गेलास व त्यांच्याबरोबर जेवलास, हा त्यांचा आरोप होता. बाप्तिस्म्याचे पाणी त्यांस एक वेळ खपले असते. पंगत खपली नाही.

पुढे अंत्युखियास काय झाले ते पौलाने गलतीकरांस कळविले आहे. तेथे यहूदी व परराष्ट्रीय भाऊ एके ठिकाणी जेवीत व पेत्रही त्यांत बसे. मग याकोबाकडून काही मंडळी आली. त्यांच्या भयाने पेत्र हळूहळू मागे सरला व निराळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहूदी भाऊही सरले. फार काय, बर्णबासारखा भला मनुष्यही त्यांच्या ओढीने गेला. पौलाने ही गोष्ट दडवून ठेविली नाही. त्याने सर्वांसमोर पेत्रास सांगितले की, हे वर्तन शुभवर्तमानाच्या सत्यास धरून नाही. आपण असतो तर कदाचित म्हटले असते की, जाऊ द्या, ज्याची त्याची सोय, जेवणावरून भांडण कशास? परंतु पौलाच्या मते पंगत मोडली तेथे शुभवर्तमानच मोडले. कारण ज्यास देवाने ख्रिस्तामध्ये आपल्या मेजाशी बसविले, त्यास मी माझ्या ताटाजवळ बसू देत नाही, याचा अर्थ देवाहून माझे सोवळे मोठे, असाच होतो.

ही गोष्ट दूर देशची व दोन हजार वर्षांमागची म्हणून बाजूस सारता येत नाही. आपल्या महाराष्ट्रातही सुधारणेच्या वाटेस लागलेल्या पुष्कळ लोकांची परीक्षा अन्नपाण्यावरच झाली. इ. स. १८४९ त मुंबईस परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिचे एक पुढारी. जातिभेद मोडावा हा तिचा हेतू. म्हणून परजातीच्या माणसाच्या हातचे पाणी पिणे व ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाणे, हे तिच्या सभासदांचे लक्षण ठरले. पाव हा त्या काळी नुसता परका पदार्थ नव्हता. तो खाल्ला की मनुष्य बाटला, असे समजत. ही मंडळी धीराची खरी. परंतु त्यांचे जेवण बंद दाराआड चाले. सुमारे १८६० त सभेचे कागदपत्र चोरीस गेले, सभासदांची नावे उघडकीस येतील हे भय पडले, आणि सभा मोडली.

इ. स. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. सभेनंतर मिशनच्या लोकांनी पाहुण्यांपुढे चहा व बिस्किटे ठेविली. पाहुण्यांत महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक यांच्यासारखे नामांकित पुरुष होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती धरून खाली ठेविला. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात प्रसिद्ध करविली. शहरात मोठा गदारोळ झाला, बहिष्काराचे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि शेवटी इ. स. १८९२ त स्वतः रानडे यांनीही प्रायश्चित्त घेतले. एक पेला चहा, पण तो गिळण्यास व पचविण्यास केवढे बळ लागत होते पाहा! त्या थोर पुरुषांस हसण्याचा आपणांस अधिकार नाही. प्रत्यक्ष प्रेषित पेत्र जेथे मागे सरला, तेथे इतरांची काय कथा!

याउलट लक्ष्मीबाई टिळक यांचे उदाहरण घ्यावे. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी इ. स. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे पतीकडे परत आल्या, तरी पुष्कळ दिवस त्यांची चूल निराळी व पाणी निराळे होते. हे सर्व त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले आहे. जाती देवाने केल्या नाहीत, माणसांनी केल्या, असे मनाने घेतल्यावर त्यांनी आपणच ते सोवळे टाकिले, व इ. स. १९०० त राहुरीस त्यांचा बाप्तिस्मा झाला. जन्माची सवय जावयास वेळ लागतो, हे त्यांच्या कथेवरून दिसते. आणि खरोखर जावी असे वाटत असेल तर ती जाते, हेही दिसते.

आता आपल्या घराकडे वळू. आपले वाडवडील ज्या वस्त्यांतून प्रभूकडे आले, त्यांस गावाने कधी पंगतीत घेतले नाही. पाणवठ्यावर त्यांनी दूर उभे राहावे व कोणी वरून ओतील तर ओंजळीत घ्यावे. चहाच्या दुकानी त्यांची कपबशी निराळी असे, व ती त्यांनीच विसळून बाजूस ठेवावी लागे. जोतीराव फुले यांनी इ. स. १८६८ त आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी इ. स. १९२७ च्या मार्चात महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो लोकांसह प्राशन केले. स्वातंत्र्यापूर्वीच्या वर्षांत अनंत हरी गद्रे यांनी स्पृश्य व अस्पृश्य यांस एकत्र बसवून झुणकाभाकरीची सहभोजने घडविली. निराळ्या कपबशीचा अपमान कसा असतो, हे आपल्या घरांइतके कोणास ठाऊक असणार?

आणि तरीही आपण आपल्या मंडळ्यांत प्रामाणिकपणे पाहावे. महारवाड्यातून आलेल्या कुटुंबाने मांगवाड्यातून आलेल्या कुटुंबाच्या घरी पोट भरून जेवल्यास किती दिवस झाले? एका सतरंजीवर बसून एकच गीत गातो, प्रभुभोजनाच्या दिवशी एकाच भाकरीचे तुकडे घेतो, आणि उपासना सुटल्यावर त्याच भावाने चहास बोलाविले तर आत्ताच झाला म्हणून सांगतो, असे होते की नाही? लग्नात आचारी कोण आहे हे विचारून मग पानावर बसणारे आहेत की नाहीत? उपदेशक गावोगाव हिंडताना काही घरी जेवतात व काही घरांपुढे नुसती प्रार्थना करून निघतात, असे कोठे घडते काय? जेथे असे नाही त्या मंडळीने देवाची स्तुती करावी. जेथे आहे तेथे पेत्राची गोष्ट पुन्हा वाचावी. कातडी कमावणाऱ्याचा उंबरा पेत्राने ओलांडला होता. परंतु तेवढ्याने रोमी माणसाचा उंबरा आपोआप ओलांडला गेला नाही. आपणही एक उंबरा ओलांडून येथवर आलो. गावाने आपणांस घरात घ्यावे असे आपण म्हणतो व ते न्याय्यच आहे. परंतु आपल्याही पुढे कोणाचे तरी घर आहे, की ज्याच्या दारातून आपण मागे फिरतो. प्रभू आज आपणांस विचारीत आहे तो त्या दुसऱ्या उंबऱ्याविषयी.

ही खोड एका गावाची किंवा एका प्रांताची नव्हे. इ. स. १८३३ त कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतील मंडळ्यांस पत्र पाठवून जातिभेद समूळ टाकण्याची ताकीद दिली, कारण तेथे ख्रिस्ती लोक देवळातही जातवार निराळे बसत. पुष्कळ लोक त्या ताकिदीने रुसून मंडळी सोडून गेले. पुढे इ. स. १८५० त मद्रासच्या मिशनरी परिषदेने असे ठरविले की, जो जात टाकिल्याचे म्हणतो त्याने इतर जातींच्या ख्रिस्ती लोकांबरोबर जेवून ते दाखवावे. त्या जुन्या लोकांनी रोगाची नाडी ओळखली होती. तोंडाने जात गेली असे म्हणणारा मनुष्य तोंडानेच जेवतो. तेव्हा त्याच तोंडाने साक्ष पटवावी, असा त्यांचा हिशेब होता.

कोणी म्हणेल, आता तो काळ गेला. बारामतीच्या हॉटेलात आम्ही कोणाच्याही शेजारी बसून मिसळ खातो, आत कोण रांधतो हे विचारीतही नाही. ही गोष्ट खरी आहे व तिजबद्दल आपण देवाचे आणि या देशाच्या घटनाकारांचे आभार मानावे. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी व तलाव यांची दारे जातीवरून कोणास बंद करता येणार नाहीत असे सांगितले. इ. स. १९५५ च्या कायद्याने तर उपाहारगृहातील भांड्यांचाही उल्लेख करून ती कोणास नाकारणे गुन्हा ठरविले. ज्या कपबशीने आपल्या आजोबांस लाजविले, त्या कपबशीची आठवण कायद्याने ठेविली, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु कायद्याचा हात हॉटेलाच्या दारापर्यंत पोहोचतो. घराच्या चुलीपर्यंत तो पोहोचत नाही. हॉटेलात यजमान पैसा असतो. तेथे आपण कोणाचे ऋणी होत नाही, कोणास मान देत नाही व कोणाकडून घेत नाही. पैसे टाकून उठतो. घरच्या जेवणाची गोष्ट वेगळी. तेथे कोणी तरी पहाटे उठून पीठ मळलेले असते, धुरात डोळे चोळीत भाकर थापलेली असते, आणि पाहुणा काय म्हणेल या काळजीने ती ताटात वाढलेली असते. ते ताट नाकारले म्हणजे नुसती भाकर नाकारली जात नाही. ती थापणाऱ्या बहिणीचा हात नाकारला जातो. आणि ती गोष्ट ती जन्मभर विसरत नाही. नवरे हॉटेलात एकत्र बसतात आणि त्यांच्या बायका एकमेकींच्या घरचे पाणी पीत नाहीत, अशाने मंडळी एक झाली असे म्हणता येणार नाही.

येथे आणखी एक भेद सांगणे अवश्य आहे. दुसऱ्यास वाढणे सोपे आहे. दुसऱ्याकडून वाढून घेणे कठीण आहे. नाताळात गोरगरिबांस बोलावून जेवू घालण्यास आपण तयार असतो. वाढणारा उभा असतो व जेवणारा खाली बसलेला असतो, यात वाढणाऱ्याची मोठीक कायम राहते. परंतु प्रभूने काय केले? शोमरोनी स्त्रीला त्याने काही देण्याच्या आधी तिच्याजवळ पाणी मागितले, आणि यहूदी लोक तर शोमरोन्यांच्या भांड्यास शिवत नसत. मग त्या गावी तो दोन दिवस राहिला. जक्कयास त्याने आपल्याकडे बोलाविले नाही. मी आज तुझ्या घरी उतरणार, असे सांगितले. ज्याच्याकडे कोणी पाहुणा जात नाही त्यास यजमानाचा मान देणे, ही प्रभूची रीत होती. जक्कयाचे मन कशाने पालटले? प्रभूने त्यास उपदेश केल्याचे लिहिलेले नाही. प्रभू त्याच्या घरी आला एवढेच लिहिले आहे.

प्रभूने सत्तर जणांस गावोगाव पाठविले तेव्हाही हाच नियम घालून दिला : ज्या घरी उतराल तेथेच राहा, चांगल्या जेवणासाठी घरे बदलू नका, आणि पुढे वाढतील ते खा. उपदेशक बंधूंनी ही आज्ञा आपल्या झोळीत ठेवावी. घरून डबा बांधून नेणे काटकसरीचे असेल. परंतु डबा उघडून भावाच्या ओसरीवर बसणे म्हणजे त्यास न बोलता बरेच काही बोलून जाणे होय.

आता कोणी म्हणेल, आमच्या मनात भेद नाही, पण त्यांचे खाणे आम्हांस सवयीचे नाही. ही अडचण खोटी नाही. कोणाकडे हुलग्याचे माडगे असेल, कोणाकडे वाळविलेल्या मांसाचे कोरड्यास असेल, कोणाकडे तिखट डोळ्यांत पाणी आणील इतके असेल. परंतु आपण ज्यास आपले खाणे म्हणतो ते तरी कोठले? ज्या मिरचीवाचून आपला ठेचा होत नाही ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीज लोकांनी ती सोळाव्या शतकात या देशी आणिली. भुईमूग, बटाटा, मका, टोमॅटो ही सर्व त्याच खंडातली. सासवडच्या बाजारात ज्याच्या पाट्या भरतात ते सीताफळही मूळचे तिकडचेच. यातील एकेक पदार्थ कोणीतरी प्रथम भीतभीत जिभेवर ठेविला असेल व शेजाऱ्याने नाक मुरडले असेल. आज ते ताटातून काढा म्हटले तर आपण उपाशी उठू. ज्या जमिनीने परके बी आपलेसे केले, त्या जमिनीवर राहणाऱ्यांनी शेजारच्या वस्तीतल्या भाजीस परके म्हणावे काय?

तथापि कोणाच्या घशात काही बळाने कोंबावे, असे आम्ही म्हणत नाही. पौलाने रोमकरांस लिहिताना सांगितले आहे की, जो सर्व काही खातो त्याने न खाणाऱ्यास तुच्छ लेखू नये, व जो खात नाही त्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये. केडगाव आपल्यापासून फार दूर नाही. तेथील पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा इ. स. १८८३ त इंग्लंडात वाँटेज येथे झाला. तेथे ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहतानाही त्यांनी मांसाहार केला नाही, व पुढे जन्मभर शाकाहारच ठेविला. काहींस तो जुन्या जातीचा अभिमान वाटला. परंतु त्याच रमाबाईंनी इ. स. १८९७ च्या व १९०० च्या दुष्काळांत दूरदूरच्या प्रांतांतील उपाशी मुली व विधवा आणून केडगावी आपल्या छायेखाली वाढविल्या, आणि त्यांत जातपात पाहिली नाही. पदार्थ सोडणे व माणूस सोडणे या निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या चरित्रात स्वच्छ दिसते. म्हणून ज्यास पथ्य आहे, ज्याचा मांसाहाराचा नेम नाही, किंवा ज्याचे पोट अमुक सोसत नाही, त्याने तसे मोकळेपणाने सांगावे. पण सांगून उठू नये. त्या घरची कोरडी भाकर, कांदा व तांब्याभर पाणी घ्यावे. पदार्थास नाही म्हणता येईल. घरास नाही म्हणू नये. आणि यजमानानेही पाहुण्याच्या अडचणीचा विषाद मानू नये. जे त्यास चालेल ते आनंदाने वाढावे.

हे सर्व ऐकून बरे वाटेल व विसरून जाईल, असे होऊ नये म्हणून चार गोष्टी सुचवितो. पहिली, प्रत्येक मंडळीने महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर प्रीतिभोजन करावे व ते पाळीपाळीने एकेका घरी व्हावे. आरंभ त्या घरापासून करावा, जेथे आजवर कोणी जेवले नाही. भाकर, पिठले व कांदा याहून अधिक काही करू नये, असा नियम असावा. नाहीतर एकाने केले म्हणून दुसऱ्याने कर्ज काढावे असे होईल, आणि करिंथात जे झाले तेच येथे होईल. तेथे प्रभूच्या नावाने जमलेल्या पंगतीत सुखवस्तू लोक आधी पोटभर खाऊन घेत व गरीब उपाशी राहत. त्याबद्दल पौलाने त्यांस कठोर शब्दांनी दोष दिला.

दुसरी गोष्ट लग्नकार्यांची. रांधणारे, वाढणारे व जेवणारे यांत सर्व वस्त्यांतील माणसे असावीत, आणि एकच पंगत असावी. तिसरी गोष्ट मुलांची. शाळेत सर्वांची मुले एका ओळीत बसून खिचडी खातात. ती घरी येतात तेव्हा, तू कोणाशेजारी बसलास, असे त्यांस विचारू नये. तो प्रश्न ऐकूनच मूल प्रथम जात शिकते.

चौथी गोष्ट आपल्या दाराशी येणाऱ्या परक्यांची. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर वगैरे जिल्ह्यांतून ऊसतोडीची कुटुंबे सोमेश्वर, माळेगाव व भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात येतात व शेताच्या कडेस कोपी घालून राहतात. नाताळ येतो तेव्हा ती आपल्या गावच्या शिवारातच असतात. पहाटे थंडीत तोडीस जाणाऱ्या त्या माणसांस गावात ओळखीचे असे कोणी नसते. येत्या नाताळात प्रत्येक मंडळीने जवळच्या एका टोळीस संध्याकाळच्या वेळी जेवावयास बोलवावे. आणि एवढ्यावर थांबू नये. त्यांनी बोलाविले तर त्यांच्या कोपीत जाऊन तीन दगडांच्या चुलीवरची भाकर खावी. पेत्राने कर्नेल्याच्या माणसांस घरात घेतले, पण दर्शन पुरे झाले ते तो कर्नेल्याच्या घरी गेला तेव्हा.

आपल्या भागातून नीरा नदीचा डावा कालवा वाहतो. कालव्यास पाणी सोडले म्हणून प्रत्येक शेत भिजतेच असे नाही, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. वरच्यांनी बारे मोडून पाणी धरून ठेविले, तर टेलच्या शेतकऱ्याचे पीक डोळ्यांदेखत वाळते. आणि कालव्याकडे बोट दाखवून, पाणी सुटले आहे ना, असे त्यास सांगणे ही थट्टा होय. देवाची कृपा वरून भरपूर सुटली आहे. प्रभूने आपला देह व आपले रक्त सर्वांसाठी एकदाच दिले. ती कृपा आपल्या शेतात आली; ती पुढच्या शेतात जाऊ द्यावयाची की आपल्याच बांधाशी अडवावयाची, हे आपल्या हाती ठेविले आहे. ज्या भावाच्या घरचे पाणी आपण पीत नाही, त्याच्यापर्यंत ती आपल्या हातून कशी पोहोचावी?

पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी प्रत्येकाने आपल्या मनात एका घराचे नाव घ्यावे, ज्या घरी तो जाऊ शकतो पण गेला नाही. मग त्या आठवड्यात त्या घरी जाऊन बसावे व आधी पाणी मागावे. कोणी हसतील, पेत्रासही जाब द्यावा लागला होता. परंतु ज्या दिवशी ती बहीण आत जाऊन तांब्या घासून पाणी आणील व तुम्ही तो तांब्या ओठास लावाल, त्या दिवशी तिला जे शुभवर्तमान ऐकू येईल ते कोणत्याही उपदेशाने आजवर ऐकू गेले नसेल.

हे प्रभू, तू पापी लोकांच्या पंगतीस बसलास व कोणाच्या घरास नाही म्हटले नाहीस. आम्हांस भयापासून सोडीव, म्हणजे आम्ही लोकांस पाहून पंगतीतून उठणार नाही. ज्या दारातून आम्ही मागे फिरलो, त्या दाराशी आम्हांस पुन्हा ने. आमच्या चुली, आमची भांडी व आमचे मेज तुझेच आहेत. ते तू आपलेसे कर. आमेन.